खुणांच्या भाषेचे प्रमाणपत्र : खर्च किती व मोल किती?

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीची गोष्ट. घाटंजी तालुक्यातील एक कास्तकार पालक मला भेटावयास शाळेत आले. कापसाची पहिली वेचणी नुकतीच आटोपली होती व हातात थोडा पैसा आला होता. त्यांची थोरली मुलगी दहावीपर्यंत आमच्याच शाळेत शिकून पुढे बारावी उत्तीर्ण झालेली. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, जन्मतः बहिरा. त्यांनी खिशातून एक छापील पत्रक काढून माझ्यापुढे ठेविले. कोणा एका खाजगी वर्गाने ते काढिले होते. तीन महिन्यांत सांकेतिक भाषा शिकवून प्रमाणपत्र देऊ, व त्या प्रमाणपत्राच्या बळावर सरकारी व खाजगी नोकऱ्यांची दारे उघडतील, असे त्यात म्हटले होते. पालकांनी विचारले, "सर, हे सर्टिफिकेट घेतलं तं पोरीले काही भाव भेटन काय? का नुसता कागदच हाय?"

प्रश्न अगदी रोखठोक होता. परंतु मला त्याचे उत्तर देता येईना. मी त्यांच्याजवळ पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या मुदतीत जे वाचिले, जे विचारले व जे पूर्वी स्वतःच्या चुकीने शिकलो होतो, ते सर्व ह्या लेखात मांडीत आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाही. आज कोणत्याही शिक्षणाचे प्रमाणपत्र बाजारात मिळते. यास्तव कोणत्या कागदासाठी द्रव्य खर्चावे व कोणत्यासाठी खर्चू नये, हे ओळखणे प्रत्येक विद्यार्थ्यास व पालकास अगत्याचे झाले आहे.

प्रथम ही भाषा म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, बहिऱ्या माणसाने हातवारे करावे व पाहणाऱ्याने अटकळ बांधावी, इतकेच तीत असते. ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील गॅलोडेट येथील अध्यापक विल्यम स्टोकी ह्यांनी १९६० साली असे दाखवून दिले की, जसे आपल्या शब्दांचे वर्ण पाडता येतात, तसे खुणांचेही घटक पाडता येतात. हाताचा आकार, तो शरीराच्या कोणत्या भागाजवळ धरिला, व तो कसा हलविला, ह्यांपैकी एकही घटक बदलला की अर्थ बदलतो. आपल्या देशात मदन वसिष्ठ (हे स्वतः कर्णबधिर), जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील बधिर लोकांच्या खुणा गोळा केल्या, आणि त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत असे त्यांस आढळले. भारतीय सांकेतिक भाषा म्हणून आज जी ओळखली जाते, ती हीच.

ह्या भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि 'काय', 'कोठे', 'केव्हा' हे प्रश्नाचे शब्दही शेवटीच येतात. "तुझे नाव काय?" हे मराठी वाक्य तीत सहज बसते, इंग्रजीची सवय झालेल्यासच ते उलटे वाटते. प्रश्न आहे की नकार, हे भुवया, डोळे व मान ह्यांवरूनही कळते; म्हणून चेहरा दगडासारखा ठेवून नुसते हात हलविणारा मनुष्य व्याकरण गाळून बोलतो असे समजावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही भाषा जगभर एक नाही. अमेरिकन व ब्रिटिश लोक एकच इंग्रजी बोलतात, परंतु त्यांच्या बधिर बांधवांच्या सांकेतिक भाषा निराळ्या आहेत. अमेरिकेत इंग्रजी अक्षरे एका हाताने दाखवितात. भारतात, ब्रिटनप्रमाणे, ती दोन्ही हातांनी दाखविण्याची पद्धत आहे. ह्या लहानशा भेदाचा पुढे फार उपयोग होणार आहे.

एवढी चांगली भाषा असता तिचे प्रमाणपत्र इतक्या उशिरा का निघाले? ह्याचे उत्तर इतिहासात आहे. अठराव्या शतकात पॅरिस येथे ल एपे नावाच्या एका धर्मगुरूने बधिर मुलांसाठी शाळा काढून खुणांच्या द्वारे शिक्षण दिले. तेथून लोराँ क्लेर हा बधिर शिक्षक अमेरिकेत गेला, व थॉमस गॅलोडेट ह्यांच्यासह त्याने १८१७ साली हार्टफर्ड येथे शाळा स्थापिली. परंतु १८८० साली इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठराव केला की, शाळांतून खुणा वर्ज्य करून केवळ ओठांचे वाचन व उच्चार शिकवावे. ह्या ठरावानंतर थोड्याच वर्षांनी, १८८५ च्या सुमारास, रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकाराने मुंबईस बधिर मुलांची शाळा निघाली. भारतातील ह्या प्रकारची ती पहिली शाळा गणली जाते. पुढे कलकत्ता येथे १८९३ साली दुसरी शाळा निघाली, व त्याच दशकात दक्षिणेत पालयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन ह्या मिशनरी बाईंनी तिसरी काढिली. जी मुले पूर्वी घराच्या कोपऱ्यात बसून असत, त्यांस ह्या शाळांनी पाटीपुस्तक दिले, हे उपकार थोर आहेत. परंतु त्या काळी सर्वत्र उच्चाराच्या शिक्षणाचाच जोर होता, व खुणांस वर्गात मान नव्हता. मान नव्हता म्हणून त्या मेल्या नाहीत. वसतिगृहाच्या पडवीत व खेळाच्या मैदानावर मोठ्या मुलांकडून लहान मुलांनी त्या उचलल्या, व अशा रीतीने भाषा वाढत राहिली. मिलानचे ठराव चुकीचे होते, अशी कबुली त्याच परंपरेतील परिषदेने कॅनडातील व्हँकूव्हर येथे २०१० साली दिली. चूक कबूल होण्यास १३० वर्षे लागली!

आपल्याकडे मुंबईच्या वांद्रे भागातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) २००१ साली ह्या भाषेचा स्वतंत्र विभाग निघाला व पायरीपायरीने शिक्षण सुरू झाले. दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापण्यास केंद्र सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये मंजुरी दिली. ह्या केंद्राने २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२१ पर्यंत त्यातील शब्दसंख्या १०,००० झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर एकरूप करावी, तसेच स्थानिक खुणांचाही आदर राखावा, असे म्हटले आहे. २०२१ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने माध्यमिक परीक्षेस ती भाषाविषय म्हणून घेण्याची सोय केली. म्हणजे ही विद्या जुनी असली, तरी तिचे दाखले अवघ्या पंचवीस वर्षांतले आहेत. नव्या बाजारात खरा माल व खोटा माल शेजारी शेजारी मांडलेला असतो. आता तो पारखू.

ह्या शिक्षणाचे स्थूलमानाने चार प्रकार आहेत. पहिला प्रकार फुकटाचा. वर सांगितलेल्या दिल्ली केंद्राचा कोश चलच्चित्रांच्या रूपाने यूट्यूबवर पाहावयास मिळतो, व २०२२ पासून तो 'साइन लर्न' नावाने मोबाइलवरही मिळतो. २०२३ साली केंद्राने स्वयंअध्ययनाचा एक प्राथमिक पाठ्यक्रमही काढिला. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या योजनेची ३१ क्रमांकाची दूरचित्रवाहिनी ह्याच भाषेसाठी आहे.

दुसरा प्रकार अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राचा. काही आठवडे किंवा महिने शिकवून हे दिले जाते. चांगल्या संस्थेचे असेल तर ओळखीपुरती भाषा त्यातून खरोखर येते, आणि परिचारिका, पोलीस शिपाई, बँकेतील कारकून, शिक्षक किंवा बहिऱ्या मुलाची आई ह्यांस तेवढी फार उपयोगी पडते. परंतु तेवढ्याने कोणी दुभाषी होत नाही. तीन महिने इंग्रजी शिकलेल्या मुलास आपण न्यायालयात भाषांतर करावयास उभे करू काय?

तिसरा प्रकार पदविकेचा. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषीपणाची पदविका बारावीनंतर दोन वर्षांची आहे. ती भारतीय पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेने चालते. दिल्लीचे केंद्र व मुंबईची अली यावर जंग संस्था ह्या ती शिकविणाऱ्या प्रमुख जागा होत. हिची जोडीदार दुसरी एक पदविका आहे, सांकेतिक भाषा शिकविण्याची; ती बधिर विद्यार्थ्यांसाठीच राखलेली आहे. ही व्यवस्था न्याय्य आहे. ज्यांची ती भाषा, त्यांनीच ती शिकवावी, व त्या कामाचा पगारही त्यांसच मिळावा.

चौथा प्रकार विशेष शिक्षकाचा. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षक व्हावयाचे असेल, तर श्रवणदोषाच्या शाखेतील विशेष शिक्षणाची पदविका अथवा पदवी लागते. सांकेतिक भाषेचे प्रमाणपत्र हे तिच्या जागी चालत नाही. तिच्या जोडीस मात्र शोभते.

आता खर्चाचा हिशेब. येथे पुष्कळ जण चुकतात, कारण ते केवळ फी मोजतात. खर्चाची अंगे चार : फी, जाणे-येणे, परगावी राहणे-जेवणे, आणि शिकत असता बुडालेली मिळकत. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी कल्पिलेले आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या जागी संस्थेकडून मिळालेले खरे आकडे घालून गणित पुन्हा मांडावे.

समजा, अल्पमुदतीच्या वर्गाची फी ८,००० रुपये आहे. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, दर खेपेस १०० रुपये भाडे देऊन गेल्यास २,४०० रुपये. किरकोळ ६०० रुपये. एकूण ११,००० रुपये झाले. आता पदविकेकडे पाहू. समजा, दोन वर्षांची फी ४०,००० रुपये. परगावी वीस महिने दरमहा ८,००० प्रमाणे १,६०,००० रुपये. प्रवास व पुस्तके १०,००० रुपये. हे २,१०,००० झाले. शिवाय ती मुलगी गावीच राहून दरमहा ६,००० रुपये मिळवू शकली असती असे धरल्यास, चोवीस महिन्यांचे १,४४,००० रुपये बुडाले. खरा खर्च ३,५४,००० रुपये.

आता आवक. पदविकेनंतर दरमहा १५,००० रुपयांची कायम जागा मिळाली, तर पूर्वीपेक्षा दरमहा ९,००० रुपये अधिक येतील, व सारा खर्च सुमारे ३९ महिन्यांत, म्हणजे सव्वातीन वर्षांत, भरून निघेल. परंतु कायम जागा न मिळता महिन्यातून केवळ आठ दिवस १,००० रुपये रोजाने बोलावणे आले, तर मिळकत ८,००० होईल. वाढ अवघी २,००० रुपयांची! तेव्हा तोच खर्च भरून निघावयास १७७ महिने, म्हणजे पावणेपंधरा वर्षे लागतील. पदविका तीच, मुलगी तीच. एका बाजूस सव्वातीन वर्षे, दुसऱ्या बाजूस पावणेपंधरा. सबब प्रवेश घेण्यापूर्वी पहिला प्रश्न फीचा विचारावयाचा नसून, "ह्या संस्थेतून मागील दोन वर्षांत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आज कोठे काम करितात, आणि महिन्यातून किती दिवस?" हा विचारावयाचा.

अल्पमुदतीच्या वर्गाचे ११,००० रुपये त्यामानाने थोडे दिसतात. परंतु ज्या कागदाने एकही नवा रुपया येत नाही, त्याचा खर्च कितीही वर्षांनी भरून निघत नाही, हेही गणितच आहे.

मग ह्या विद्येस मागणी आहे की नाही? आहे, व कायद्याने ती वाढविली आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करावे व नेमावे, तसेच दूरचित्रवाणीसारख्या साधनांत ह्या भाषेची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी ह्या बधिर वकील बाईंनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात आपले म्हणणे मांडिले, ही गोष्ट सर्व वर्तमानपत्रांत आली होती. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराची जबानी घेताना न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी व त्या जबानीचे चित्रण करावे, असा साक्षीच्या कायद्यात नियम आहे.

ह्याहून आपल्या जिल्ह्यास जवळचा एक नियम सांगतो. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीचा जो २०१२ चा कायदा आहे, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, भाषांतरकार व विशेष शिक्षक ह्यांची नोंदवही ठेवावयाची असते. सांकेतिक भाषेच्या जाणकाराचे शिक्षण मान्यताप्राप्त विद्यापीठातील किंवा पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील असावे, अशी त्यात अट आहे, आणि त्याचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी असू नये असेही म्हटले आहे. ह्या एका नियमात आमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आली. मान्यता नसलेला कागद तेथे चालत नाही. आणि मान्य कागदासही जो भाव मिळण्याची हमी आहे, तो कुशल कामगाराचा आहे, कोणा श्रीमंताचा नव्हे.

तेव्हा खरी स्थिती अशी आहे. कायम जागा थोड्या आहेत, आणि दूरचित्रवाणी, मोठी न्यायालये व मोठ्या संस्था ह्यांचे काम मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. यवतमाळ, पुसद किंवा वणी येथे राहून केवळ दुभाषीपणावर संसार चालविणे आज कठीण आहे. परंतु हीच विद्या दुसऱ्या विद्येच्या जोडीस असली, तर तिचे मोल वाढते. विशेष शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ता, वकील किंवा श्रवणतज्ज्ञ ह्यांस ही भाषा अस्खलित येत असेल, तर त्यांच्याजवळ अशी एक गोष्ट असते जी शेजारच्या उमेदवाराजवळ नसते. सामान्य शाळांतही विशेष शिक्षक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला आहे. त्यामुळे ती वाट पुढे रुंद होण्याची आशा आहे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण ह्या विषयात पैशाहूनही मोठे काही पणास लागलेले असते. काही वर्षांपूर्वी मी मोबाइलवर पाहून शे-दीडशे खुणा शिकलो होतो व त्याचा मला अभिमान वाटत असे. शाळेजवळ एक कर्णबधिर शिंपी राहतात. लहानपणी ते बधिर मुलांच्या वसतिगृहात शिकले, व तेथून ही भाषा घेऊन आले. एकदा त्यांस ताप आला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सांगितले, एक गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवस घ्यावी. ते कागदावर मराठीत लिहून देत होते, मी म्हणालो, "आवश्यकता नाही, मला ह्यांची भाषा येते." मी गोळी दाखविली, तीन बोटे दाखविली, पाच बोटे दाखविली, दिवसाची खूण केली. शिंपीबुवांनी मान डोलाविली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी गोळ्यांचे पाकीट घेऊन घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. बुवांनी रात्रीपर्यंत पाच गोळ्या घेतल्या होत्या, व तीन दिवस दररोज पाच घ्यावयाच्या असे ते समजले होते! औषध सौम्य होते, म्हणून निभावले. मला शब्द येत होते, परंतु ते कोणत्या क्रमाने व कशास जोडून दाखवावे हे येत नव्हते. आणि समोरच्यास खरोखर कळले की नाही, हे उलट विचारून घेण्याची बुद्धीही मला झाली नव्हती. बधिर मनुष्य भिडेस्तव पुष्कळ वेळा मान डोलावितो, हे मला मागाहून कळले.

दवाखान्यात जे घडले तेच न्यायालयात घडले तर? अर्धवट दुभाष्याच्या एका चुकीच्या खुणेने निरपराध्यास शिक्षा होईल, किंवा एखाद्या बालकाचे दुःख कोणास कळणारच नाही. आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक अडचण आहे. मराठी, गोरमाटी, गोंडी व कोलामी अशा भाषा येथे घरोघरी बोलल्या जातात, आणि ज्या बहिऱ्या माणसाने शाळा कधी पाहिली नाही, त्याच्या खुणा त्याच्या घरापुरत्याच असतात. कोशातील दहा हजार शब्द पाठ असलेल्यासही तो समजेलच असे नाही. तेथे त्या घरचे माणूस व अनुभवी बधिर व्यक्ती ह्यांस सोबत घेऊन, धीराने, पुन्हा पुन्हा विचारावे लागते. हा धीर प्रमाणपत्रावर छापता येत नाही.

पंधरा दिवसांनी ते पालक पुन्हा आले. ह्या वेळी मुलगीही सोबत होती. आम्ही तिघांनी मिळून ते पत्रक चार प्रश्नांवर पारखिले. पहिला प्रश्न : ह्या वर्गास पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे काय? मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते; तीत ह्या वर्गाचे नाव आढळले नाही. दुसरा : शिकविणारा स्वतः बधिर आहे काय, किंवा बधिर लोकांत राहून शिकलेला आहे काय? पत्रकात शिक्षकाचा उल्लेखच नव्हता. तिसरा : बधिर लोकांशी प्रत्यक्ष संभाषण करण्याचे किती तास आहेत? त्याविषयीही काही नव्हते. चौथा : शिकविणार ती भाषा भारतीय आहे काय? पत्रकाच्या तळाशी शोभेसाठी हातांची चित्रे छापिली होती. प्रत्येक चित्रात एकच हात होता. ती अमेरिकेची अक्षरे होती! मुलीनेच ते प्रथम ओळखिले, कारण मधल्या काळात तिने मोबाइलवर भारतीय अक्षरे पाहून घेतली होती.

तेव्हा मी पालकांस म्हणालो, "ह्या वर्गास पैसे देऊ नका. मुलीने सहा महिने फुकटच्या पाठांवर अभ्यास करावा, व दर शनिवारी शिंपीबुवांकडे जाऊन बसावे. घरी भाऊ आहेच; जे शिकेल ते त्याला शिकवावे. सहा महिन्यांनंतरही गोडी टिकली, तर मुंबईच्या संस्थेकडे किंवा नागपूरच्या संयुक्त प्रादेशिक केंद्राकडे चौकशी करावी, आणि दुभाष्याची पदविका घ्यावी की विशेष शिक्षकाची, हे गणित मांडून ठरवावे. गोडी टिकली नाही, तर तुमचे काहीच गेले नाही. आणि मुलाला शाळेत घाला. दिव्यांग मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. त्याची शाळा तिच्या प्रमाणपत्रासाठी थांबू नये."

शिंपीबुवांनी ही शिकवणी आनंदाने पत्करिली. शिलाईच्या यंत्रावरून हात काढल्यावाचून त्यांस बोलता येत नाही. म्हणून बोलण्यात गेलेल्या वेळाचे काय द्यावे, असे मी त्यांस विचारले. त्यांनी प्रथम नको म्हटले. परंतु मुलीच्या वडिलांनी ऐकिले नाही, व शनिवारच्या वेळेचे पैसे ठरविले. हेही योग्यच झाले. भाषा शिकविणे हे काम आहे, व कामास दाम असावा.

ह्या गोष्टीस आता काही महिने लोटले आहेत. मुलगी पदविकेस जाणार की विशेष शिक्षकाच्या वर्गास, हे अद्यापि ठरलेले नाही. तिचा कल दुसरीकडे दिसतो. मुलगा शाळेत जाऊ लागला आहे. मध्यंतरी ते पालक बाजाराच्या दिवशी भेटले, तेव्हा प्रमाणपत्राच्या भावाविषयी त्यांनी काही विचारले नाही. त्यांनी निराळीच गोष्ट सांगितली. मुलगा दोन वर्षांपासून विहिरीकडच्या शेतात जावयास तयार नसे. ओढून नेले तर रडे, व हट्टी म्हणून मार खाई. बहिणीने त्याला कारण विचारिले, आणि त्याने हातांनी सांगितले : त्या वाटेवरचे एक कुत्रे मागून धावून येते, आणि त्याला त्याचे भुंकणे ऐकू येत नाही, ते अंगावर आल्यावरच दिसते. "दोन वर्षं मी त्याले उगाच मारलं, सर," असे म्हणून ते गप्प झाले.

विद्यार्थ्यांनो, कोणतेही प्रमाणपत्र घेण्यापूर्वी खर्च अवश्य मोजा, मान्यता पाहा, व पुढील मिळकतीचा अंदाज बांधा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आईबापांच्या घामाचा पैसा आहे तो. परंतु कागद घेण्याआधी विद्या घ्या, आणि ती जेथे खरोखर नांदते तेथे जाऊन घ्या. ही भाषा तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, कोणा एकाच्या हातांत नांदत असेल. त्याच्याशी बोलावयास फी पडत नाही.